तापल्या अंगाला पाणी

वस्तादानं माझ्या हातातला गडू हिसकावला आणि पाणी जमिनीवर ओतून टाकलं. जमीन इतकी तापलेली होती की ओल बघता बघता सुकली. माझा भाऊ माझ्या पायाशी घोंगडीखाली पडला होता. भर उन्हाळा, दुपारची वेळ, आणि माणसाला घोंगडी पांघरलेली. तोंड तेवढं उघडं होतं. ते लाल झालं होतं आणि त्याच्यावर घामाचा एक थेंब नव्हता. डोळे अर्धे उघडे होते, पण बघत नव्हते. पाय घोंगडीखाली हलत होते, जसा काही तो अजून धावतच होता.

शेजारी दुसऱ्या घोंगडीखाली वस्तादाचा मुलगा होता. त्याचीही तीच गत.

"पानी देऊ नको वं," वस्ताद म्हणाला. "तापल्या अंगाले पानी म्हंजे जहर. आधी घाम जिरू दे."

"घाम कुठी आहे? हात लावून पाहा. कोरडा ठन्न आहे तो."

"तुले काय समजते त्यातलं? माह्या पोराले मी देऊन राहिलो का पानी?"

ते खरं होतं. स्वतःच्या मुलालाही तो देत नव्हता.

कोणी म्हणेल, जातीपातीचं काहीतरी असेल. तसं नव्हतं. वस्ताद आमच्याच वस्तीतला, आमच्याच समाजाचा. माझ्या भावाला त्यानं लहानपणापासून आखाड्यात वाढवलं होतं. त्याचा जीव होता त्याच्यावर.

मी तेव्हा रामदासपेठेत एका रंगाच्या कंपनीच्या ऑफिसात पाणी द्यायचं काम करत होते. शिक्षण चौथीपर्यंत. सकाळी माठ घासायचे, भरायचे, पेले धुऊन पालथे ठेवायचे. साहेबाची घंटी एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा. एवढंच काम. पण माझ्या आईला त्याचं फार कौतुक होतं. तिच्या लहानपणी गावात तिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. छप्पन साली आईबापानं इथंच नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा मी शाळेत होते. पुढे मी ऑफिसात लागले, तर आई घडीघडी विचारायची, "साहेब खरंच पेते का वं तुह्या हातचं?" मी म्हणायचे, "पेते ना. वरून म्हनते, पेला नीट पुसत जा." ती हसायची. मरायला टेकली तेव्हाही हेच विचारत होती.

ती गेल्यावर भाऊ माझ्याकडे राहिला. सक्करदऱ्याला तलावामागे आमच्या दोन खोल्या होत्या. माझा नवरा कंपनीचा टेम्पो चालवायचा, आणि भाऊ शहराबाहेर वाडीला कंपनीचं गोडाऊन होतं तिथं हमाल होता. ट्रकमधून रंगाचे डबे उतरवायचे, टेम्पोत चढवायचे. रोजंदारीवर. त्याचं लग्नाचं वय निघून चाललं होतं. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, विचारायचे, कायम आहे का? नाही म्हटलं की बशी खाली ठेवून उठायचे. एकीच्या बापानं तर बिस्कीट खिशात टाकून नेलं, पण मुलगी दिली नाही.

साहेब मुंबईकडचा होता. माणूस वाईट नव्हता. खेळाचं त्याला वेड, पण त्याला स्वतःला धावताना मी कधी पाहिलं नाही. एका इंग्रजी मासिकात त्यानं वाचलं की परदेशात पोहणं, सायकल आणि धावणं अशी तिन्हीची मिळून एक शर्यत असते. मध्ये थांबायचं नाही. तिचं इंग्रजी नाव आमच्या जिभेवर बसेना. आम्ही तिहेरी शर्यत म्हणायचो. साहेबानं ठरवलं की नागपुरात अशी शर्यत कंपनीच्या नावानं व्हायला पाहिजे. ऐंशी साल उलटून गेलं होतं, तेव्हा ह्या गोष्टी इकडं कोणाला माहीत नव्हत्या.

त्यानं गोडाऊनात सगळ्यांना उभं करून सांगितलं, आपला जो माणूस ही शर्यत पूर्ण करेल त्याला मी कायम करतो. नंबर नाही आला तरी चालेल. पूर्ण केली पाहिजे.

भाऊ हसतच घरी आला. "ताई, तलावात मी रोज पोहतो. वाडीले रोज सायकलनं जातो. उशीर झाला का गेटापासून पळत सुटतो. साहेब मले माहं रोजचंच काम करायले सांगून राहिला."

माझा नवरा म्हणाला, "रोज तू तिन्ही एका दमात करतं का बे?"

"नाही, मधात तुमच्या शिव्या खायले थांबतो ना."

"अन् पडला त?"

"पडलो त तुमचा टेम्पो आहेच, भाऊजी."

शर्यत कशी घ्यायची हे कंपनीच्या लोकांना काय माहीत. साहेबानं वस्तादाला बोलावलं आणि सगळं त्याच्या गळ्यात घातलं. शर्यतीला पोरंही बहुतेक त्याच्या आखाड्यातलीच जमली, कंपनीतला माझा भाऊ तेवढा एकटा. वस्तादानं आखाड्याची रीत लावली. त्याला दुसरी माहीत नव्हती. आखाड्यात कुस्ती संपली की पोरं अंगाला माती चोळून घोंगडी पांघरून बसत. घाम जिरेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. वस्तादाच्या वस्तादानंही त्याला हेच शिकवलं होतं. पहाटेच्या गारव्यात, झाडाखाली, ते चालून जात होतं. कोणी मेलं नव्हतं.

त्यानं सगळ्यांना ताकीद दिली. "वाटंवर बादल्या ठेवीन. चूळ भरायची अन् थुकायचं. जो गिळीन तो बाद."

बाद म्हणजे शर्यत पूर्ण नाही. पूर्ण नाही म्हणजे कायम नाही. माझ्या भावानं हे दोन्ही एकदम ऐकलं आणि मनात पक्कं बसवून घेतलं.

शर्यत उजाडताना सुटायची होती. आधी सक्करदऱ्याचा तलाव पोहून पार करायचा, मग सायकलनं वाडीच्या नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं, आणि मग तलावाभोवती चार फेऱ्या धावायच्या. तलावाच्या काठावर मांडव टाकला होता. तिथं पाहुण्यांना पाणी द्यायला मला बसवलं होतं. ऑफिसातले माठ टेम्पोत घालून आणले होते. मी त्यांना ओलं पोतं गुंडाळलं आणि पेले मांडून बसले.

उजाडलं. पोरं चड्डीवर उभी, अंगात कंपनीचं चित्र छापलेल्या बनियनी. पण मुंबईहून मोठा साहेब यायचा होता. शिटी त्याच्या हातून वाजवायची होती. त्याची गाडी लेट होती. मग कळलं, गाडी आली, पण ते आंघोळ करून येतायत. मग कळलं, नाश्ता चालू आहे. ऊन झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरलं, मांडवात आलं. पोरं आधी एकमेकांना टपल्या मारत होती, नंतर सावली शोधायला लागली.

वस्ताद स्वतः साहेबाकडे गेला. मी जवळच होते. "साहेब, ऊन चढून राहिलं. सोडून देऊ पोरांले."

"पाहुणे आल्याशिवाय कसं सोडणार? फोटोवालाही त्यांच्याबरोबरच आहे."

वस्ताद परत आला. साहेब म्हणतो तर साहेब म्हणतो.

मोठा साहेब आला, हार घातले, त्यानं भाषण केलं. मी त्याला पाणी दिलं, त्यानं घसा ओला केला आणि शिटी फुंकली. तोवर डांबर मऊ व्हायला लागलं होतं.

तलाव उन्हाळ्यानं उतरला होता, पण पोहण्यापुरतं पाणी होतं. भाऊ तिसरा बाहेर आला. चिखलानं भरलेला, दात काढून हसत. सायकलवर टांग टाकून गेला. मग आम्ही बसलो. मोठा साहेब भेटीगाठी उरकून निघून गेला, फोटोवाला थांबला. वाडीचा रस्ता म्हणजे ट्रक, धूर आणि धूळ. झाड नावाला नाही. पुष्कळसे तिकडून परत आलेच नाहीत. नाक्यावर चहा प्याले, ट्रकवाल्याला सांगून सायकली वर टाकल्या आणि घरी गेले. शहाणे होते. त्यांना कोणी कायम करणार नव्हतं.

परत आले त्यातलेही एकेक झाडाखाली बसत गेले. शेवटी धावणारे दोघंच उरले, वस्तादाचा मुलगा पुढे आणि माझा भाऊ मागे.

पहिल्या फेरीला तो माझ्या टेबलाजवळून गेला तेव्हा बोलला. "ताई, साहेबाचं पानी थंड आहे का वं?"

"आहे. पे."

"कायम झाल्यावर पितो."

दुसऱ्या फेरीला मी पेला भरून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्यानं पेल्याकडे पाहिलं, मग वस्तादाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. पेला घेतला, तोंडात पाणी धरलं, गाल फुगवले आणि थुंकून टाकलं. पेला माझ्या हातात परत दिला. बोलला नाही.

"गीळ बाबा," मी म्हणाले. "जाऊ दे मेलं कायम."

त्यानं मान हलवली आणि गेला.

तिसऱ्या फेरीला त्यानं मला ओळखलं नाही. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून रस्त्याची कड धरून वाकडा वाकडा गेला. मी माझ्या नवऱ्याला म्हणाले, त्याले अडवा. तो मागे धावला, त्याचा दंड धरला. भावानं त्याला झटका मारून पाडलं. इतकी ताकद कुठून आली काय माहीत. वस्ताद ओरडला, "त्याले हात नका लावू, बाद होईन तो!"

शेवटाला कागदी झेंड्या लावलेली सुतळी आडवी बांधली होती. वस्तादाचा मुलगा ती तोडून आला, दोन पावलं चालला आणि बसला. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. माझा भाऊ बऱ्याच वेळानं आला. तुटलेल्या सुतळीवरून गेला आणि थांबलाच नाही. मांडवाच्या लाकडी खांबावर आपटला तेव्हा उभा राहिला.

साहेब टाळ्या वाजवत पुढे आला. "शाब्बास! झालास तू कायम."

भावानं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "टेम्पो आला का? डबे उतरवायचे आहेत." मग तो पडला.

आखाड्यातल्या पोरांनी दोघांना सावलीत ओढलं आणि घोंगड्या आणल्या. आखाड्यातून मुद्दाम आणून ठेवल्या होत्या. तिथून पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं. गडू वस्तादानं उपडा केला आणि मी रिकाम्या हातानं उभी होते.

तेवढ्यात साहेब माझ्या मागून म्हणाला, "बाई, पाणी."

त्यालाही ऊन लागलं होतं. रुमालानं मान पुसत होता. माझा हात माठाकडे गेला. रोज जात होता तसा गेला. मी पेला भरून दिला, त्यानं उभ्या उभ्या संपवला आणि माझ्या हातात परत ठेवला. वस्ताद त्याला काही बोलला नाही. साहेबाचं अंग तापलेलं नव्हतं.

मी तो पेला टेबलावर पालथा ठेवला. मग मी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अवो, उचलू त्याले. पाय तुम्ही धरा."

मला वैद्यकी येत नव्हती. पाणी देणं सोडून मला दुसरं काही येतच नव्हतं. भाऊ पिऊ शकत नव्हता, म्हणून पाण्यात न्यायचं, एवढंच डोक्यात आलं. मी घोंगडी ओढून फेकली. आम्ही दोघांनी त्याला तसाच उचलला. वस्ताद आडवा आला.

"आखडून मरीन तो! काय करून राहिली वं?"

"मरीन त आमचा मरीन," माझा नवरा म्हणाला. "बाजूले सरक गा."

काठावर चिखल होता. माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. आम्ही भावाला पाण्यात बसवला, गळ्यापर्यंत, आणि मी त्याचं डोकं माझ्या छातीशी धरून राहिले. डोकं चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं होतं. नवरा माठ उचलून घेऊन आला आणि साहेबाचं थंड पाणी त्याच्या टाळूवर ओतलं. मग दुसरा माठ. भाऊ ओकला, थरथरला. मेला नाही.

मी पाण्यातून ओरडले, "वस्ताद, तुमच्या पोरालेही आना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मग खाली बसला आणि मुलाच्या खांद्यावरून सरकलेली घोंगडी नीट केली.

दोघांनाही टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. टेम्पोला दोन्ही बाजूंनी शर्यतीची पाटी बांधलेली होती, ती काढायला कोणाला सुचलं नाही. रस्त्यावरची पोरं पाटी वाचून आम्हाला हात करत होती. दवाखान्यात एक तरणा डॉक्टर होता. त्यानं वस्तादाच्या मुलाची घोंगडी काढली आणि किंचाळला, "ही कोनं घातली?" वस्ताद भिंतीला पाठ लावून उभा होता.

त्याचा मुलगा संध्याकाळी गेला.

माझा भाऊ डोळे उघडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. मी खाटेखाली चटई टाकली आणि वाट पाहिली.

तीन-चार दिवसांनी साहेबानं निरोप पाठवला, ऑफिसात येऊन भेट. मी तशीच गेले, चुरगळलेल्या लुगड्यात. त्यानं मला आत बोलावलं. बसायला सांगितलं, पण मी त्या खोलीत कधी बसले नव्हते.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "कंपनी तुमच्या पाठीशी आहे. मी वरती बोललोय. तुझ्या भावाच्या जागी आम्ही तुला कायम करतो."

"त्याच्या जागी म्हंजे? तो जित्ता आहे, साहेब."

"हो, हो. पण डॉक्टरांशी माझं बोलणं झालं..." इतकं बोलून तो थांबला. घसा खाकरला. आणि सवयीनं त्याचं बोट घंटीवर गेलं. एकदा वाजली.

घंटी वाजली की जी बाई जायची ती त्याच्यासमोरच उभी होती. आम्ही दोघंही ती घंटी ऐकत राहिलो. त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं हात टेबलाखाली घेतला.

मी म्हणाले, "माठ बाहेर आहेत. पेले पालथे ठेवले आहेत. आता तुमचं तुम्ही घेत जा."

आणि मी जिना उतरले. अशी माझी कंपनीची नोकरी संपली. कायम होऊन मिळाली असती, ती मी सोडली. वस्तीतल्या बायकांनी मला वेडी ठरवलं. "साहेब सोताहून कायम करत होता अन् हे लाथ मारून आली," असं नळावर बोलायच्या, मी ऐकेन इतक्या मोठ्यानं. आई असती तर तीही तेच म्हणाली असती. मी काही रागानं सोडली नाही. त्या माणसाला पाणी द्यायला माझा हात पुन्हा उचलला नसता, आणि हात न उचलणाऱ्या बाईला पाण्याच्या नोकरीत ठेवून काय करणार? माझ्या नवऱ्यानं टेम्पो सोडला नाही. कोणाला तरी घर चालवायचंच होतं. मी सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायला लागले.

पण ते नंतरचं. तेव्हा मी दवाखान्यात परत गेले. भाऊ तसाच होता. कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात पाणी पिळायचं, असं नर्सनं दाखवलं होतं. एक दिवस मी तेच करत होते, तर पायथ्याशी वस्ताद उभा. केव्हा आला कळलं नाही. मुलाला पोचवून झाल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता.

"गिळते का?" त्यानं विचारलं.

"गिळून राहिला. थोडं थोडं."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. पाणी थेंब थेंब जात होतं आणि भावाचा घसा हलत होता. वस्तादानं ते पूर्ण पाहिलं. मग म्हणाला, "घाम जिरला असन आता त्याचा." आणि निघून गेला.

मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे समजलं. त्याचा आखाडा पुढेही बरीच वर्षं चालला, आणि तो शेवटपर्यंत नव्या पोरांना तेच सांगायचा, तापल्या अंगाला पाणी नाही. लोक त्याला मागून हसायचे, शिव्याही द्यायचे. पण तो नियम चुकीचा आहे असं त्यानं एकदा जरी म्हटलं असतं, तर मुलाला आपणच मारलं असं झालं असतं. म्हणून त्यानं तो धरून ठेवला. दुसरं त्याच्याकडे धरायला काही नव्हतं.

ती शर्यत पुन्हा झाली नाही. साहेबाची बदली झाली. भावाची बनियन दवाखान्यातून पिशवीत घालून दिली होती, ती मी फडकं म्हणून वापरली. कापड चांगलं होतं, बरेच दिवस टिकलं.

भावानं डोळे उघडले तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. बोलला तर जीभ जड. उभा केला तर पाय दारू प्यालेल्यासारखे फाकून पडायचे. डॉक्टर म्हणाले, डोक्यातला तोल सांभाळणारा भाग उन्हानं गेला, तो परत येणार नाही. तो आला नाही. डबे उचलणं संपलं, सायकल संपली. मुलगी दाखवायला कोणी आलं नाही. तो माझ्यासोबत भाजीच्या दुकानावर बसायचा आणि टोमॅटो नीट रचायचा. हात थरथरायचे, एखादा घरंगळायचा, तो पुन्हा रचायचा. गिऱ्हाइकानं विचारलं, ह्याले काय झालं वं, तर मी सांगायचे, शर्यत जिंकला. खोटं नव्हतं. पूर्ण केली की झालं, असं साहेबच म्हणाला होता.

आता माझा नवरा नाही, वस्ताद नाही. भाऊ आतल्या खोलीत बसला आहे. पेला त्याला एका हातानं धरता येत नाही, म्हणून पाणी अजून मीच पाजते. त्या दिवशी शर्यत पूर्ण केली दोघांनी. त्यातला माझा भाऊ जगला.